लिनक्सचा डेस्कटॉप उठत नाहीये? फॉरमॅट मारायच्या आधी एवढं करून बघा

गणपतीच्या आधीची गोष्ट, रात्री साडेदहाला भाच्याचा फोन, "मामा, लॅपटॉप गेला." गेला म्हणजे काय, तर उबुंटूचा लोगो येतो, खाली ते गोल फिरतं आणि मग सगळं काळं, वरच्या कोपऱ्यात एक छोटी रेघ लुकलुकत राहते, बस्स. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रोजेक्ट सबमिशन आणि हॉस्टेलवरचे मित्र पेनड्राइव्ह घेऊन बसलेलेच, फॉरमॅट मारून नवीन टाकू म्हणून. मी म्हटलं, पेनड्राइव्ह आधी बाजूला ठेव आणि कंट्रोल, अल्ट आणि एफ३ एकदम दाब. त्याने दाबलं आणि काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात लॉगिन असं आलं. तेव्हाच मला कळलं की मशीन धडधाकट आहे, फक्त डेस्कटॉप उठत नाहीये.

हा फरक नवीन माणसाला कोणी सांगत नाही म्हणून हे लिहितोय. विंडोजवर वाढलेल्या माणसाला स्क्रीन म्हणजेच कॉम्प्युटर वाटतो, लिनक्समध्ये तसं नाहीये. आधी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उठतं, मग सिस्टिमडी एकेक सर्व्हिस चालू करतं, डिस्क जोडली जाते, नेटवर्क येतं, आणि सगळ्यात शेवटी डिस्प्ले मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम उठून लॉगिनची स्क्रीन दाखवतो, तुम्ही पासवर्ड टाकला की तो तुमचा डेस्कटॉप चालू करतो. युनिक्समध्ये हे पहिल्यापासून असंच आहे, एक्स विंडो सिस्टिम १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली, तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची आणि तीच एक्स११ म्हणून आजही चालते, २००८ मध्ये वेलँडचं काम सुरू झालं आणि हळूहळू ते तिच्या जागी यायला लागलं. पण दोन्हीत मूळ गोष्ट तीच, की डेस्कटॉप हा बाकीच्या सिस्टिमच्या डोक्यावर चालणारा एक प्रोग्रॅम आहे, तो पडला तरी खालचं सगळं उभं असतं, तुमच्या फाइल्स जागच्या जागी असतात.

खालच्या कमांड्स मी भाच्याला फोनवर सांगितल्या तशा उच्चाराने लिहिल्यात, टाइप करताना सगळं इंग्रजीत आणि लहान अक्षरात, कॅपिटल पाहिजे तिथे तसं सांगेन. सुडो म्हणजे एस यू डी ओ, ते पुढे लावलं की कमांड रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरच्या, हक्काने चालते. सिस्टिमसीटीएल म्हणजे सिस्टिम हा पूर्ण इंग्रजी शब्द आणि त्याला चिकटून सी टी एल, जर्नलसीटीएलचंही तसंच. डॅश म्हणजे शून्याच्या शेजारची आडवी रेघ. जिथे स्पेस म्हटलंय तिथे स्पेस द्यायचीच, निम्म्या चुका तिथेच होतात. सगळं उबुंटू २२.०४ आणि २४.०४ धरून लिहिलंय, मिंट आणि डेबियनवर जवळपास तसंच चालतं, फेडोरावाल्यांना पॅकेजेस टाकणाऱ्या-काढणाऱ्या एपीटीच्या जागी डीएनएफ.

आधी नेमकं काय होतंय ते बघा

"चालू होत नाही" एवढ्याने काही कळत नाही. मॉनिटरवर नो सिग्नल येतंय का? डेस्कटॉप पीसी असेल आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल मागे मदरबोर्डच्या पोर्टला लागलीय की कार्डच्या ते बघा, साफसफाई करताना लोक हमखास चुकीच्या जागी लावतात. लॉगिन स्क्रीन येते, पासवर्ड बरोबर घेते, क्षणभर काळं होतं आणि परत लॉगिन स्क्रीनच? याला लॉगिन लूप म्हणतात, त्याचं खाली वेगळं लिहिलंय. लॉगिन स्क्रीनच येत नाही? मग डिस्प्ले मॅनेजर किंवा ड्रायव्हर. आणि स्क्रीनवर इमर्जन्सी मोड किंवा इनिटरॅमएफएस असं काही लिहून आलं असेल तर तो डेस्कटॉपचा प्रॉब्लेमच नाही, तिथे डिस्क जोडली जात नाहीये, तो वेगळा विषय.

आपल्याकडचा एक खास प्रकार आहे तो आधी तपासा. मराठी कीबोर्ड टाकून ठेवलेला असला की लॉगिन स्क्रीनवर कधी कधी तोच चालू राहतो, तुम्ही इंग्रजी पासवर्ड मारताय आणि आत देवनागरी जातंय, वर ठिपके दिसत असल्यामुळे कळतही नाही. उजव्या वरच्या कोपऱ्यात कीबोर्डची खूण असते, तिथे एमआर असं दिसलं तर इंग्रजी करा. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी दोन दिवस पासवर्ड विसरला म्हणून डोकं धरलं होतं, निघालं हेच.

टेक्स्ट लॉगिनला कसं जायचं

कंट्रोल + अल्ट + एफ३. बऱ्याच लॅपटॉपला एफएन पण सोबत दाबावं लागतं. दाबल्यावर चार-पाच सेकंद थांबा, लगेच परत परत दाबू नका. उबुंटूवर एफ१ला लॉगिन स्क्रीन असते आणि एफ२ला बहुतेक वेळा तुमचा चालू डेस्कटॉप, त्यामुळे परत यायचं असेल तर ते दोन दाबून बघा. युजरनेम टाका, एंटर, मग पासवर्ड. पासवर्ड टाइप करताना काहीही दिसत नाही, ठिपके नाहीत की चांदण्या नाहीत, कीबोर्ड बंद पडलाय असं समजू नका, टाइप करून एंटर मारा. पासवर्डात आकडे असतील तर वरच्या ओळीतले वापरा, इथे नमलॉक बंद असू शकतो.

सिस्टिम मराठीत ठेवली असेल तर इथे मेसेजच्या जागी चौकोन किंवा ठिकऱ्या दिसतील. लिनक्सच्या या साध्या कन्सोलला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षरचिन्हं दाखवता येतात आणि जोडाक्षरं, काना-मात्रा जुळवणं त्याला येतच नाही, म्हणून देवनागरी वाचता येत नाही. आत गेल्यागेल्या हे टाका: "एक्सपोर्ट स्पेस एलसी अंडरस्कोर ऑल बरोबर सी", त्यातलं एलसी, ऑल आणि शेवटचा सी कॅपिटल, बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस नाही. आता मेसेज इंग्रजीत येतील. फोल्डरची नावं मराठीत असली तर ती तशीच चौकोनी दिसतील, त्याला काही झालेलं नसतं.

एफ३ दाबूनही काही येत नसेल तर रीस्टार्ट करून ग्रबच्या, म्हणजे लिनक्सच्या आधी उठून त्याला चालू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेनूला जायचं, नव्या मशीनवर सुरुवातीलाच एस्केप एकदा, जुन्या बायोसवाल्यावर शिफ्ट धरून ठेवायची. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट येतो, तिथे रीबूट टाइप करून परत प्रयत्न करा. मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये रिकव्हरी मोड असतो, तिथून रूटचा शेल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, मिळते. ग्रबबद्दल अजून खाली आहे.

पहिली शंका डिस्कवर घ्या

सगळ्यात आधी "डीएफ स्पेस डॅश एच". एक तक्ता येतो, शेवटच्या कॉलममध्ये नुसती एक स्लॅश आहे ती ओळ शोधा आणि तिथला टक्का बघा. भाच्याला म्हटलं वाचून दाखव, तो म्हणाला, "शंभर टक्के." झालं, चोर सापडला.

डिस्क भरल्यावर डेस्कटॉपच का पडतो, बाकी सगळं का चालतं? कारण ईएक्सटी४ फाइल सिस्टिम नेहमीच्या सेटिंगला ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, त्यामुळे सिस्टिमच्या सर्व्हिसेस रूट म्हणून त्यात तगून राहतात. पण तुमच्या नावाने चालणाऱ्या डेस्कटॉपला सुरू होतानाच बारीकसारीक फाइल्स लिहायच्या असतात, त्याला एक अक्षर लिहायला जागा मिळत नाही आणि तो मुकाट्याने मरतो.

जागा कोणी खाल्ली ते बघायला होम फोल्डरमध्ये असताना "डीयू स्पेस डॅश एच स्पेस डॅश डी१", मग स्पेस, उभी रेघ, स्पेस, "सॉर्ट स्पेस डॅश एच". यात लपलेले फोल्डरही येतात, सगळ्यात खाली नुसत्या टिंबासमोर एकूण बेरीज आणि तिच्या लगेच वर सगळ्यात मोठा फोल्डर दिसतो. भाच्याकडे डॉट लोकल नावाचा फोल्डर ३८ जीबीचा निघाला. "मामा, मी व्हिडिओ सगळे डिलीट केले होते." केले होते, पण ते ट्रॅशमध्ये जाऊन बसलेले, आणि ट्रॅश म्हणजे त्याच डिस्कवरचा एक फोल्डर.

आता पुसायचं काम, आणि इथे मी मुद्दाम सावकाश जातो, कारण आरएम कमांडला परत फिरणं नाही. लांबलचक पत्ता देऊन आरएम मारायचं नाही, मधे एक चुकीची स्पेस पडली तर होत्याचं नव्हतं होतं. आधी त्या फोल्डरात जायचं: "सीडी स्पेस डॉट लोकल स्लॅश शेअर स्लॅश ट्रॅश", ट्रॅशचा टी कॅपिटल, आणि डॉट म्हणजे खरोखरचं टिंब, लोकलला चिकटून. मग "पीडब्ल्यूडी" मारून आपण नक्की कुठे उभे आहोत ते वाचायचं. मग "एलएस", फाइल्स आणि इन्फो अशी दोन नावं दिसली पाहिजेत. दिसली? मग "आरएम स्पेस डॅश आर स्पेस फाइल्स स्पेस इन्फो". भाच्याने एंटर मारलं, वीसएक सेकंद काहीच झालं नाही आणि प्रॉम्प्ट परत आला, डीएफ परत मारलं तर ६७ टक्के. "सुडो रीबूट", आणि डेस्कटॉप आला.

ट्रॅश रिकामा असेल तर "सुडो एपीटी क्लीन" ने डाउनलोड केलेली पॅकेजेस जातात, आणि "सुडो जर्नलसीटीएल", स्पेस, दोन डॅश, "व्हॅक्यूम डॅश साइझ बरोबर २००एम", एम कॅपिटल, याने जुने लॉग छाटले जातात. दोन्ही बिनधोक आहेत. जागा दिसतेय तरी "नो स्पेस लेफ्ट" येत असेल तर "डीएफ स्पेस डॅश आय" करून बघा, लाखो बारक्या फाइल्स झाल्या की जागा असूनही नवीन फाइल बनत नाही.

काल काय केलं होतं?

डिस्क ठीक असेल तर स्वतःला हा प्रश्न विचारा. आठवत नसेल तर मशीनला आठवतं: "लेस स्पेस स्लॅश व्हीएआर स्लॅश लॉग स्लॅश एपीटी स्लॅश हिस्टरी डॉट लॉग", मग कॅपिटल जी दाबून शेवटाला जा, बाहेर यायला क्यू. कुठल्या तारखेला काय टाकलं, काय काढलं, सगळं तिथे लिहिलेलं असतं. रिमूव्हच्या ओळीत लांबलचक यादी दिसली तर समजा तिथेच घात झाला. नवीन पायथॉन पाहिजे म्हणून जुना पायथॉन काढून टाकणं हे शिकणारी मुलं फार करतात, उबुंटूत डेस्कटॉपचे कितीतरी भाग पायथॉनवर उभे आहेत, तो काढला की त्याच्याबरोबर ते पण निघून जातात. एपीटी आधी यादी दाखवून विचारतं, आपण न वाचता वाय दाबतो.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे अपडेट चालू असताना लाईट जाणं. पॅकेजेस अर्धवट बसलेली राहतात. "सुडो डीपीकेजी", स्पेस, दोन डॅश, "कॉन्फिगर", स्पेस, "डॅश ए", आणि ते संपलं की "सुडो एपीटी इन्स्टॉल स्पेस डॅश एफ". या दोन कमांड्सनी बऱ्याच वेळा काम होतं. डेस्कटॉपच निघून गेला असेल तर "सुडो एपीटी इन्स्टॉल उबुंटू डॅश डेस्कटॉप". त्याला इंटरनेट लागतं, वायफायसाठी "एनएमटीयूआय" टाका, बाणांनी चालणारा मेनू येतो, नाहीतर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, ते सगळ्यात सोपं.

डिस्प्ले मॅनेजर जिवंत आहे का

"सिस्टिमसीटीएल स्टेटस डिस्प्ले डॅश मॅनेजर". हिरव्यात ॲक्टिव्ह रनिंग आलं तर तो उठलाय, लाल फेल्ड आलं तर पडलाय, आणि अशी सर्व्हिसच नाही असं आलं तर तो काढला गेलाय, "सुडो एपीटी इन्स्टॉल जीडीएम३" करा, मिंटवर लाइटडीएम, कुबुंटूवर एसडीडीएम. दोन-तीन डेस्कटॉप टाकून बघितलेत आणि त्यांची आपसात भांडणं लागलीत तर "सुडो डीपीकेजी डॅश रीकॉन्फिगर जीडीएम३", कुठला ठेवायचा ते विचारेल. "सिस्टिमसीटीएल गेट डॅश डिफॉल्ट" पण एकदा बघा, उत्तर ग्राफिकल डॉट टार्गेट पाहिजे. मल्टी डॅश यूजर आलं तर मशीन सांगितल्याप्रमाणे टेक्स्टमध्येच उठतंय, "सुडो सिस्टिमसीटीएल सेट डॅश डिफॉल्ट ग्राफिकल डॉट टार्गेट".

का पडला ते लॉगमध्ये. "जर्नलसीटीएल स्पेस डॅश बी स्पेस डॅश पी स्पेस ईआरआर" म्हणजे या बूटमधल्या फक्त चुका. इथे भरपूर लाल दिसेल आणि पोटात गोळा येईल, पण ब्लूटूथ, एसीपीआय वगैरेच्या तक्रारी धडधाकट लॅपटॉपवरही रोज येतात, त्या सोडा. जीडीएम, नोम शेल, एक्सऑर्ग, एनव्हिडिया, डीआरएम ही नावं शोधा. एक्स११ वापरत असाल तर त्याचा वेगळा लॉग असतो, स्लॅश व्हीएआर स्लॅश लॉगमध्ये किंवा होममधल्या डॉट लोकल, शेअर, एक्सऑर्ग फोल्डरमध्ये, त्यात कंसात दोन कॅपिटल ई असलेल्या ओळी म्हणजे चुका. "नो स्क्रीन्स फाउंड" असं असेल तर मॉनिटर बिघडलाय असं नाही, ग्राफिक्स ड्रायव्हर बसला नाही असा त्याचा अर्थ.

एनव्हिडिया

कर्नल अपडेट झालं आणि दुसऱ्या दिवशी काळी स्क्रीन, असं कोणी सांगितलं की मी पहिलं विचारतो, एनव्हिडिया कंपनीचं ग्राफिक्स कार्ड आहे का? त्यांचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरून येतो, प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचं मॉड्यूल त्या कर्नलशी जुळणारंच लागतं, ते बनलं नाही किंवा आलं नाही की नव्या कर्नलवर ग्राफिक्सच नाही. तपासायचं कसं, ग्रबमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून एक मागचं कर्नल निवडा. त्यावर डेस्कटॉप आला तर शंका खरी. मग तिथूनच "सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स डॅश हेडर्स डॅश जेनेरिक" आणि "सुडो उबुंटू डॅश ड्रायव्हर्स इन्स्टॉल", आणि रीबूट.

जुन्या कर्नलवरही येत नसेल तर ग्रबच्या मेनूत उबुंटूच्या ओळीवर ई दाबा, लिनक्स शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्या शेवटी एक स्पेस देऊन "नोमोडसेट" लिहा, सलग, म्हणजे एनओ एमओडीई एसईटी, आणि एफ१० दाबा. हे फक्त त्या एका बूटपुरतं असतं, काही बिघडत नाही. चित्र जाडंभरडं दिसेल, पण आत जाऊन ड्रायव्हर दुरुस्त करता येतो. हे कायमचं ठेवू नका.

अजून एक अडचण सिक्युअर बूटची, म्हणजे ओळख नसलेला ड्रायव्हर आत न घेणाऱ्या बंदोबस्ताची. ते चालू असताना ड्रायव्हर टाकला की पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या बूटला एक निळी स्क्रीन येते, तिथे एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. नवीन माणूस घाबरून कंटिन्यू दाबतो आणि ती स्क्रीन परत येत नाही, मग ड्रायव्हर बसलेला असतो पण कर्नल त्याला आत घेत नाही. "सुडो अपडेट डॅश सिक्युअरबूट डॅश पॉलिसी", स्पेस, दोन डॅश, "एनरोल डॅश की" करून ती स्क्रीन परत मागवता येते. आणि एनव्हिडियाच्या साइटवरून डॉट रन फाइल उतरवून टाकू नका, माझं हे ठाम मत आहे, ती एपीटीला माहीतच नसते, त्यामुळे पुढच्या अपडेटला पॅकेजवाल्या ड्रायव्हरशी तिची गाठ पडते आणि निस्तरता निस्तरता रात्र जाते.

लॉगिन लूप

इथे सिस्टिम ठीक असते, तुमच्या होम फोल्डरमध्ये काहीतरी असतं. खात्री करायला "सुडो ॲडयूजर चाचणी", नाव इंग्रजीत, असा नवा युजर बनवा आणि लॉगिन स्क्रीनवरून त्याने आत जाऊन बघा. तो गेला म्हणजे गोष्ट तुमच्याच घरातली.

मग "एलएस स्पेस डॅश एलए". डॉट एक्सऑथॉरिटी या फाइलच्या ओळीत मालक म्हणून तुमच्या नावाऐवजी रूट दिसतंय का? कोणीतरी सुडो लावून स्टार्टएक्स, म्हणजे डेस्कटॉप हाताने चालू करायची कमांड, चालवलं की असं होतं, आणि मग तुमची फाइल तुम्हालाच उघडता येत नाही. "सुडो एमव्ही डॉट एक्सऑथॉरिटी डॉट एक्सऑथॉरिटी डॅश जुनी", नाव इंग्रजीत, एक्स कॅपिटल. नवी फाइल आपोआप बनते. पुसण्याऐवजी नाव बदलायची सवय लावून घ्या, चुकलं तर परत जागेवर आणता येतं.

ते नसेल तर डॉट प्रोफाइल फाइल बघा, जावा नाहीतर अँड्रॉइड स्टुडिओ टाकताना कुठल्या तरी व्हिडिओत बघून पाथची, म्हणजे कमांड्स कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्या यादीची, ओळ लिहिलेली असते, त्यात जुना पाथ पुढे जोडायचा राहिला की एलएस सुद्धा सापडत नाही, डेस्कटॉप कुठून सापडणार. "एलएस स्पेस डॅश एलडी स्पेस स्लॅश टीएमपी" करून त्या ओळीच्या सुरुवातीच्या अक्षरांत शेवटी टी आहे ना तेही बघा, नसेल तर "सुडो सीएचमॉड १७७७ स्लॅश टीएमपी". शेवटचा उपाय, लॉगिन स्क्रीनवर खालच्या गिअरमधून एक्सऑर्ग असलेला पर्याय निवडून बघा, काही ग्राफिक्स कार्डांचं वेलँडशी जमत नाही.

तरीही फॉरमॅटच करावं लागलं तर

आधी डेटा काढा. आमच्या शेजारच्या आजींच्या नातवंडांचे सात वर्षांचे फोटो एका दुकानात असेच गेले, मशीन टेक्स्टमध्ये उठत होतं, फोटो सगळे आत होते, कोणी बघितलंच नाही. टेक्स्ट लॉगिनमधूनही कॉपी होते. बाहेरची डिस्क लावा, "एलएसबीएलके" टाका, साइझवरून तिचं नाव ओळखा, समजा एसडीबी१ असेल तर "सुडो माउंट स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीबी१ स्लॅश एमएनटी". मग "सुडो सीपी स्पेस डॅश आरव्ही स्पेस स्लॅश होम स्पेस स्लॅश एमएनटी", प्रत्येक फाइलचं नाव सरकताना दिसेल, वेळ लागेल, लागू दे. झाल्यावर "डीयू स्पेस डॅश एसएच" दोन्हीकडे मारून आकडे जवळपास सारखे आहेत ना ते बघा, मग "सुडो यूमाउंट स्लॅश एमएनटी", यूमाउंटमध्ये एन नाही, यू नंतर थेट माउंट. प्रॉम्प्ट परत येईपर्यंत केबल ओढू नका.